‘कटु’ शब्दाचा अर्थ आणि इंग्रजींतील ‘पंजंट’

जुन्या वैद्यकीय बाडांच्या इंग्रजी याद्या व भाषांतरें चाळतांना एका शब्दापाशीं आम्ही वारंवार अडखळलों आहों. संस्कृत ‘कटु’ ह्या शब्दास कोणी ‘बिटर’ म्हणतो, कोणी ‘पंजंट’ म्हणतो, आणि क्वचित् एकाच पानावर वर एक व खालीं दुसरा असा प्रकार आढळतो. बिटर म्हणजे कडू. पंजंट म्हणजे तिखट. एक निंबाची चव, दुसरी मिऱ्याची. एकाच औषधाच्या एकाच शब्दाचे हे दोन्ही अर्थ एकदम खरे असूं शकत नाहींत, हें उघड आहे. तेव्हां कोणता केव्हां खरा, ह्याचा निर्णय करण्यासाठीं प्रस्तुत टिपण लिहिलें आहे.

विषय हातीं घेण्यास आमचीच एक चूक कारण झाली. ती प्रथम सांगणें बरें. मालवण तालुक्यांतील एका घरीं पूर्वजांनीं लिहून ठेवलेलें औषधांचें एक बाड आहे. त्याचा कांहीं भाग बाळबोध अक्षरांतील संस्कृत श्लोकांचा व कांहीं भाग मोडी मराठीचा. घरच्या मंडळींस दोन्ही वाचतां येत नाहींत, म्हणून आम्हीं त्याची चालू मराठींत प्रत करून दिली. त्यांत श्वासावर एक योग होता : गूळ व ‘कटुतैल’ समभाग एकत्र करून चाटावें. आम्हीं बिनदिक्कत ‘कडू तेल’ असें लिहिलें. आमच्या किनाऱ्यावर कडू तेल म्हटलें म्हणजे उंडीचें किंवा करंजाचें तेल डोळ्यांपुढें येतें. पूर्वीं दिव्यांत जळणारें, होडीच्या फळ्यांस लागणारें, आणि खाण्याच्या ‘गोड्या तेला’च्या अगदीं उलट. तें अंगास चोळतात, पोटांत घेत नाहींत. प्रत वाचून दाखविली तेव्हां घरांतील वृद्ध बाईंनीं, उंडेल कधीं कोणी चाटतें काय, असें आम्हांस विचारलें. आम्हीं मूळ पान पुन्हा काढलें, आणि लाज वाटली. योगांतलें कटुतैल म्हणजे शिरसाचें, अर्थात् मोहरीच्या जातीचें तेल होय. त्याची चव कडू नसून तिखट असते, आणि म्हणूनच संस्कृतांत त्याला कटुतैल म्हटलें आहे. ज्यानें आयुष्यभर मुलांना संस्कृत शिकविलें त्याच्या हातून ही चूक झाली. कारण कानाला ‘कटु’ व ‘कडू’ हे शब्द एकच वाटतात, आणि कान व्याकरणापेक्षां लवकर चालतो.

वैद्यकशास्त्राचें मत ह्या बाबतींत निःसंदिग्ध आहे. चरक, सुश्रुत व वाग्भट ह्या तिघांच्याही मतें रस सहा : मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त व कषाय. त्यांपैकीं कटु म्हणजे सुंठ, मिरीं, पिंपळी यांचा रस. तिक्त म्हणजे निंब, किराईत, कुटकी यांचा. सुंठ, मिरीं व पिंपळी ह्या तिघांस मिळून ‘त्रिकटु’ म्हणतात, आणि त्रिकटूंत कडू असें कांहींच नाहीं, हें ज्यानें एकदां तें मधांत चाटलें असेल त्याला सांगावयास नको. वाग्भटानें तर रसांची गणना करितांना कटु हा शब्द सोडून ‘ऊषण’ हा शब्द योजिला आहे. ऊषण म्हणजे जाळणारें. त्रिकटूचेंही दुसरें नांव त्र्यूषण. तात्पर्य, षड्रसांच्या यादींत ‘कटु’ आला तर त्याचें मराठी ‘तिखट’, व ‘तिक्त’ आला तर त्याचें मराठी ‘कडू’. इंग्रजींत अनुक्रमें ‘पंजंट’ व ‘बिटर’. उलट करणें म्हणजे सुंठीच्या जागीं निंब घालणें.

लोकमान्य टिळकांनीं ‘गीतारहस्यां’त (१९१५) गीतेच्या सतराव्या अध्यायावर टीप देतांना ह्या अर्थभेदाकडे लक्ष वेधलें आहे, व मिरीं कटु आणि निंब तिक्त असा वैद्यकाचा दाखलाही दिला आहे. मराठी शब्द कडू व तिखट हे अनुक्रमें कटु व तिक्त ह्यांचेच अपभ्रंश, असेंही तेथें म्हटलें आहे. अर्थाविषयीं त्यांचें म्हणणें आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. व्युत्पत्तीविषयीं मात्र अल्पसा मतभेद नोंदविणें भाग आहे. ‘कडू’ हा ‘कटु’चा अपभ्रंश, ह्यांत वाद नाहीं, टकाराचा डकार होणें हा प्राकृताचा नित्य व्यापार आहे. परंतु तिक्त शब्दांतील ‘क्त’ प्राकृतांत ‘त्त’ होतो, ‘ख’ होत नाहीं. भक्त ह्याचें भत्त व पुढें भात, रक्त ह्याचें रत्त व पुढें रात (जसें रातांबा). त्याच न्यायानें तिक्त ह्याचें तित्त झालें, आणि त्यापासून बंगालींतील ‘तेतो’ व नेपाळींतील ‘तीतो’ हे शब्द आले. दोहोंचाही अर्थ कडू असाच आहे. आमच्या ‘तिखट’ शब्दांतला ख यावयास मूळ क्षकार पाहिजे, आणि तो ‘तीक्ष्ण’ शब्दांत आहे : तीक्ष्ण, तिक्ख, तीख. त्याच्या पुढें चवीचा ट लागून तिखट. हा ट मराठीच्या जिभेला फार प्रिय आहे. अम्लाचें आंबट, क्षाराचें खारट, तुवराचें तुरट. (तुवर म्हणजे कषाय; अमरकोशांत हे दोन्ही पर्याय म्हणून दिलेले आहेत. ‘तुरटी’ त्याच घरची.)

असें असलें तरी लोकमान्यांच्या विधानांत एक खोल सत्य आहेच. तिक्त काय आणि तीक्ष्ण काय, दोन्ही ‘तिज्’ ह्या एकाच धातूपासून निघाले. तिज् म्हणजे धार लावणें, पाजळणें. तेज व तिग्म हे शब्दही त्याचेच. म्हणजे घडलें तें असें : धारेच्या धातूनें संस्कृतांत कडू चवीस नांव दिलें व मराठींत तिखट चवीस, आणि जो कटु शब्द संस्कृतांत तिखटाचा होता तो मराठींत कडवटाकडे गेला. दोन भावांनीं घरें बदलावीं तसा हा प्रकार झाला आहे.

अशा अदलाबदलीचें आणखी एक उदाहरण आमच्या किनाऱ्यावर रोज जेवणांत असतें. संस्कृत ‘मिष्ट’ म्हणजे रुचकर, गोड. त्याचें हिंदींत ‘मीठा’ झालें व तें गोड राहिलें. मराठींत ‘मीठ’ झालें आणि तें लवण ठरलें. १९३० सालीं शिरोड्यास ज्या पदार्थासाठीं लोकांनीं सत्याग्रह केला त्याचें नांव मुळांत गोडाचें आहे, ही गंमत शिरोडेकरांसही सहसा ठाऊक नसते. गुजरातींत तर ‘मीठुं’ ह्या एकाच शब्दानें दोन्ही कामें भागतात. तेव्हां चवीच्या शब्दांवर, ते ओळखीचे दिसतात एवढ्याच कारणानें, विश्वास ठेवूं नये.

आतां प्रश्न असा कीं ही अदलाबदल झाली केव्हां. कालनिर्णयासाठीं गीतेच्या त्याच श्लोकाकडे, सतराव्या अध्यायांतील नवव्याकडे, पुन्हा वळूं. राजस माणसाला कोणते आहार प्रिय असतात हें सांगतांना तेथें सात विशेषणें आलीं आहेत, आणि त्यांत ‘कटु’ व ‘तीक्ष्ण’ हीं दोन्ही आहेत. येथेंच टीकाकारांची पंचाईत झाली. कटु म्हणजे तिखट असें वैद्यकाप्रमाणें धरावें, तर तीक्ष्ण म्हणजे काय? आणि तीक्ष्ण म्हणजे तिखट धरावें, तर कटु म्हणजे काय? शंकराचार्यांनीं ‘अति’ हा शब्द सर्व विशेषणांस लावावा एवढें सांगितलें. उदाहरणें दिलीं नाहींत. श्रीधरस्वामींनीं उदाहरणें दिलीं, आणि तीं बोलकीं आहेत : कटूचें निंब, तीक्ष्णाचें मिरीं. मधुसूदन सरस्वतींनीं त्याचें कारणही दिलें. तिखट रस तीक्ष्ण शब्दानें सांगून झालेला असल्यामुळें येथें कटु म्हणजे तिक्त समजावें, असा त्यांचा आशय आहे. म्हणजे कटूचा शास्त्रोक्त अर्थ तिखट हा त्यांस पूर्ण ठाऊक होता. पण ह्या ठिकाणीं त्यांनीं तो जाणूनबुजून बाजूस ठेविला.

ह्या सर्वांहून मराठी वाचकास महत्त्वाची साक्ष ज्ञानेश्वरांची. ‘ज्ञानेश्वरी’ शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० त पूर्ण झाली. त्या श्लोकावरील ओंव्यांत कटूसाठीं ‘कडुवट’ हा शब्द आला आहे, व त्याचें माप काळकूट विषाशीं लावून दाखविलें आहे. मिऱ्याचा तेथें संबंध नाहीं. तीक्ष्णासाठीं ‘तीख’ हा शब्द आहे, व त्याला लोखंडी साबळाची उपमा आहे. हें खाणें घाव न करतां आंत रुततें, असा भाव. ह्यावरून निदान तेराव्या शतकाच्या अखेरीस मराठींत कडू व तीख हे शब्द आजच्या अर्थानेंच स्थिर झाले होते, असें अनुमान निघतें. त्यानंतरच्या कोणत्याही मराठी गद्यांत वा पद्यांत ‘कडू’ दिसला तर त्याचा संस्कृत अर्थ लावूं नये. उलट, त्यानंतरही लिहिलेल्या संस्कृत वैद्यकांत ‘कटु’ दिसला तर त्याचा मराठी अर्थ लावूं नये. एकाच बाडाच्या एकाच पानावर दोन्ही भाषा असतील तर प्रत्येक ओळीस तिच्या भाषेचा अर्थ द्यावा लागतो. आमची फजिती झाली ती येथेंच.

परंतु संस्कृतांत सुद्धां कटु शब्द सर्वत्र एकनिष्ठ राहिला नाहीं, हेंही प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. कुटकी ही वनस्पति अत्यंत कडू. तिचीं संस्कृत नांवें पहावीं : एक ‘तिक्ता’ व दुसरें ‘कटुका’ अथवा ‘कटुरोहिणी’. कडू भोपळ्यास अमरानें ‘कटुतुम्बी’ म्हटलें आहे, आणि कडू भोपळ्यांत तिखटपणाचा लेशही नसतो. म्हणजे रसांची गणना करणारें शास्त्र एका अर्थास चिकटून राहिलें, पण रानांत मुळ्या खणणाऱ्या व बाजारांत विकणाऱ्या लोकांच्या तोंडीं कटु शब्द फार पूर्वींच कडवटाकडे झुकला होता, आणि वनस्पतींचीं नांवें शास्त्रकारांनीं त्याच लोकांकडून उचललीं. कुटकीसच मराठींत केदारकडू म्हणतात. नवजात बालकास चाटविण्याच्या कडू मात्रेला ‘बाळकडू’ म्हणतात, हें सर्वांस माहीत आहेच.

आणखी एक खांच आहे, व ती विद्वान् भाषांतरकारांसही लागते. वैद्यकांत रसाप्रमाणें विपाकही सांगितलेला असतो. पचनानंतर पदार्थाचा जो परिणाम उरतो तो विपाक. तिक्त, कटु व कषाय ह्या तिन्ही रसांचा विपाक बहुशः कटु मानला आहे. म्हणून निंबाच्या वर्णनांत ‘रसानें तिक्त, विपाकानें कटु’ असें येतें. येथें निंबालाच कटु म्हटलें, तेव्हां कटु म्हणजे कडूच असला पाहिजे, असा तर्क करणारे आम्हांस भेटले आहेत. तर्क सरळ दिसतो पण चुकीचा आहे. तेथें कटु शब्द चवीचा नाहींच.

कटु शब्दाच्या मुळाविषयीं दोन मतें प्रचलित आहेत. एका पक्षानें तो ‘कृत्’, म्हणजे कापणें, ह्या धातूच्या कुळांत बसविला आहे. लिथुआनी भाषेंतील ‘कार्तुस्’ म्हणजे कडू, हा त्यांचा मुख्य आधार. दुसरा पक्ष म्हणतो कीं हा शब्द दक्षिणेंतून संस्कृतांत आला. बरो व इमेनो ह्यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशांत (१९६१) तमिळ ‘कडु’ ह्या धातूखालीं ठणकणें, झोंबणें, उग्र असणें असे अर्थ दिले आहेत, व कानडींतही ‘कडु’ म्हणजे तीव्र. आमचें मन दुसऱ्या पक्षाकडे झुकतें, कारण झोंबणें हा अर्थ तेथें जिवंत आहे. तथापि हट्ट धरण्याइतका पुरावा कोणत्याच बाजूस नाहीं.

इंग्रजी ‘पंजंट’चा इतिहास इतका घोटाळ्याचा नाहीं, परंतु ह्या ठिकाणीं तो फार उपयोगी पडतो. लॅटिनमध्यें ‘पुंगेरे’ म्हणजे टोंचणें, भोंसकणें. त्याचें वर्तमानकालवाचक विशेषण ‘पुंगेन्स’, टोंचणारें. इंग्रजींत हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला तेव्हां तो चवीचा नव्हता. दुःख, वेदना, बोंचरें बोलणें यांस तो लावीत. चव व वास यांकडे तो सतराव्या शतकांत वळला. ‘पॉइंट’ म्हणजे टोंक, ‘पंक्चर’ म्हणजे छिद्र, ‘पॉइग्नंट’ म्हणजे मनास बोंचणारें, हे सर्व त्याच धातूचे. फ्रेंचांतून आलेला ‘पिकंट’ हाही दुसऱ्या धातूपासून पण टोंचण्याच्याच अर्थानें निघाला. आणि ‘बिटर’? तो ‘बाइट’, म्हणजे चावणें, ह्याचा भाऊ. व त्याचें मूळ कुळ आमच्या ‘भिद्’, भेदणें, ह्या धातूशीं मिळतें. म्हणजे कडू असो वा तिखट असो, पृथ्वीच्या दोन टोंकांस असलेल्या भाषांनीं ह्या चवींचीं नांवें शस्त्रागारांतून आणिलीं आहेत. मराठींत तर ह्याचा प्रत्यक्ष पुरावा आहे. ‘तिखें’ म्हणजे पोलाद. मोल्सवर्थच्या कोशांत तो शब्द सांपडतो, आणि अमरकोशांत ‘तीक्ष्ण’ हें लोहाचें एक नांव आहे. जुन्या शस्त्रांच्या यादींत ‘तिख्याचें’ असें वाचून कोणी मिरचीची कल्पना करूं नये.

येथें आधुनिक शास्त्राची एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. तिखट ही खरी पाहतां चवच नव्हे, ती वेदना आहे, असें आतां सिद्ध झालें आहे. मिरचींतील कॅप्सायसिन नांवाचें द्रव्य जिभेवरील रुचिकलिकांना नव्हे, तर दाह जाणणाऱ्या ज्ञानतंतूंना चेतवितें. ज्या द्वारानें उकळत्या पाण्याचा चटका कळतो त्याच द्वारानें मिरचीही कळते. हें द्वार १९९७ सालीं डेव्हिड ज्यूलियस ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंत ओळखलें गेलें, व त्यासाठीं त्यांस २०२१ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक (दुसऱ्या एका संशोधकासमवेत) मिळालें. वाग्भटाचा ‘ऊषण’ हा शब्द व घाव न करतां रुतणारें तें ज्ञानेश्वरांचें ‘तीख’, हे दोन्ही ह्या शोधाच्या किती जवळ होते, हें वाचकांनीं पहावें. निंब मात्र खरोखर चव आहे. ती रुचिकलिकांनींच कळते. म्हणून पंजंट व बिटर हे केवळ दोन निराळे शब्द नसून दोन निराळ्या जातींच्या संवेदना आहेत, आणि त्यांची गल्लत कोशाच्या चुकीहून मोठी आहे.

तिखटाच्या वस्तूंत झालेला बदल बाडांच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. आज आम्ही ‘तिखट’ हा शब्द नाम म्हणून उच्चारला कीं लाल मिरचीची पूड समजतों. पण मिरची ही अमेरिकेची. पोर्तुगीजांनीं १५१० त गोवें घेतलें, व त्यांच्याबरोबर ती इकडे आली. त्यापूर्वींचें तीख म्हणजे मिरीं, पिंपळी, सुंठ व मोहरी. नव्या पाहुणीस लोकांनीं जुन्याच नांवानें ओळखिलें. देशावर मिरींवरून ‘मिरची’ झाली. मालवणींत व कोंकणींत ‘मिरसांग’ झाली, म्हणजे मिऱ्याची शेंग. कोंकणींत शेंगेस सांग म्हणतात, जसें शेवग्याच्या शेंगेस मश्कासांग. मिरीं वेलीवर घोसानें लागतात हें सिंधुदुर्गांतील प्रत्येक पोफळीच्या बागाइतास ठाऊक आहे. त्यांना शेंग नसते. ज्यानें प्रथम ‘मिरसांग’ म्हटलें त्यानें नवी वस्तु नीट न्याहाळून नांव ठेविलें, असें म्हणावें लागतें. युरोपियनांनीं तीच गोष्ट उलट्या रीतीनें केली. आमच्या ‘पिप्पली’चें ग्रीकांनीं ‘पेपेरी’ केलें, रोमनांनीं ‘पिपेर’, इंग्रजांनीं ‘पेपर’. आणि लांबट पिंपळीचें हें नांव वाटोळ्या मिऱ्यांस व शेवटीं मिरचीसही लावून टाकलें. बाडांतील औषधांत ‘मिरची’ हा शब्द आल्यास तो मजकूर सोळाव्या शतकापूर्वींचा नव्हे, हें निश्चित. श्लोक कितीही जुना असो, त्याखालील मराठी टीप तरी नंतरची.

आमच्या किनाऱ्यावर ह्या तिखटांत आणखी एक भर आहे, ती तिरफळाची. बांगड्याच्या तिखल्यांत तिरफळें ठेंचून घालतात. काळें बी टाकून देतात व वरचें टरफल ठेवतात. हें फळ धड तिखट नव्हे, धड कडू नव्हे. जिभेस मुंग्या येतात व ती क्षणभर बधिर होते. गोव्यांत ह्याला तेफळ म्हणतात. चीन देशांतील एका प्रांताच्या स्वयंपाकांत ह्याच कुळांतलें मिऱ्यासारखें फळ वापरतात, आणि तेथल्या भाषेंत ह्या बधिरपणास ‘मा’ असा स्वतंत्र शब्द आहे. षड्रसांत त्याला जागा नाहीं; आमच्या बायका ‘तिखलें’ ह्या एकाच नांवांत सारें सामावून घेतात.

बाडें वाचणाऱ्यांसाठीं तिरफळाचा उल्लेख करण्याचें कारण निराळें. ‘तिरफळ’ आणि ‘त्रिफळा’ यांची मोडींत गांठ पडते. मोडींत इकाराचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळीत नाहींत, शब्द तोडून लिहीत नाहींत, व लिहिणारा पुष्कळदां उच्चाराप्रमाणें लिहितो. जोडाक्षर टाळून ‘तिरफळा’ असें लिहिलें तर तो हिरडा-बेहडा-आंवळ्याचा त्रिफळा कीं स्वयंपाकघरांतलें तिरफळ, हें एकट्या त्या शब्दावरून कळत नाहीं. अशा वेळीं आजूबाजूचीं औषधें पहावीं. शेजारीं ओंवा, सुंठ, हिंग असलीं व रोग पोटफुगीचा असला तर तिरफळ संभवतें. रेचक असेल, डोळ्यांचा विकार असेल, किंवा मान ‘तिन्ही समभाग’ असें दिलें असेल, तर त्रिफळा समजावा. दोहोंपैकीं कांहीं ठरत नसेल तर मूळ अक्षरें जशींच्या तशीं ठेवून खालीं शंकाचिन्ह द्यावें. अनुमानानें अक्षर बदलूं नये. पुढें येणारा वाचक आमच्याहून शहाणा असूं शकतो.

तेलाचेंही असेंच आहे. हिंदुस्थानी बोलींत आजही ‘कडुआ तेल’ म्हणजे मोहरीचें तेल. तें कडू नसतें, नाकास झोंबतें. म्हणजे तेथें त्या एका जोडशब्दांत कटूचा जुना अर्थ अद्याप टिकून आहे, जरी सुट्या ‘कड़वा’ शब्दाचा अर्थ हिंदींतही मराठीप्रमाणेंच कडू झाला आहे. उत्तरेंत गेलेल्या मराठ्यांच्या खर्चाच्या कागदांत ‘कडू तेल’ असें आल्यास तें बहुधा मोहरीचें धरावें. कोंकणांतल्या कागदांत आल्यास उंडीचें वा करंजाचें. प्रांत पाहिल्यावांचून भाव काढूं नये, नाहींतर दिव्याचा खर्च मुदपाकखान्यांत जमा होईल.

आजचें सुशिक्षित मराठी ह्या घोटाळ्यांत भरच घालीत आहे. ‘कटु सत्य’, ‘कटु अनुभव’, ‘कटुता’ हे शब्द आम्ही संस्कृत समजून वापरतों. अक्षरें संस्कृत आहेत, पण अर्थ मराठी ‘कडू’चा आहे. संस्कृतांतही कठोर भाषणास कटु म्हणतात, पण तें झोंबणारें म्हणून. शब्द मूळ वेषांत परत आला, पण अंगावर परप्रांताची सवय घेऊन आला. आम्हीं स्वतः वर्गांत कित्येक वर्षें मुलांस ‘कटु म्हणजे कडू’ असें सांगितलें आहे, व त्यांतील कांहीं मुलें पुढें वैद्य झालीं. हें टिपण त्यांच्या दृष्टीस पडावें अशी इच्छा आहे.

इंग्रजींत यादी करणाऱ्यांनीं संस्कृत ‘कटु’ रसास ‘पंजंट’च म्हणावें, ‘हॉट’ म्हणूं नये, कारण त्या शब्दानें उष्ण वीर्याचा बोध होऊन नवाच गोंधळ माजतो. मराठी ‘कडू’ व संस्कृत ‘तिक्त’ ह्यांस ‘बिटर’ म्हणावें. वनस्पतीच्या नांवांत कटु आला, तर नांवाचें भाषांतर न करतां वनस्पति ओळखून तिचें नांव द्यावें. कटुका म्हणजे कुटकी, कटुतुम्बी म्हणजे कडू भोपळा. आणि ‘कटुस्नेह’ असें आल्यास तो शिरस होय.

मालवणच्या त्या घरची प्रत आम्हीं पुन्हा शुद्ध लिहून दिली, व जुन्या प्रतीचें तें पान त्यांच्या अनुमतीनें काढून घेऊन आमच्यापाशीं ठेविलें आहे. त्याच बाडाच्या मोडी भागांत ‘कडुजिरें’ हा शब्द दोनदां आला आहे. पहिल्या चुकीनें सावध झाल्यामुळें आम्ही तोही बदलण्याच्या बेतांत होतों. पण तेथें शब्द मराठी आहे, औषध जंतांवरचें आहे, आणि तें जिरें खरोखरच कडू असतें. तो तसाच ठेविला आहे.